अनुमोदकाची सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्या चौथीचं अर्धं वर्षही धानाच्या रोवणीत गेलं. त्यामुळे मोठा शब्द दिसला की मी शिंगाड्यासारखा सोलून बघते, आत काही आहे की नुसतं टरफल. पण एक शब्द मी पाच वर्षं न सोलता वापरला. रोज नाही, पण महिन्यातून दोन-चारदा तरी. ‘अनुमोदक’ हा तो शब्द.

पंचायतीत बायकांची जागा निघाली होती. नवऱ्याला उभं राहायचं होतं, त्याला राहता येईना, म्हणून मला उभं केलं. दुसरी कोणी उभीच नव्हती, मी निवडून आले. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. सभेला जायचे, भिंतीला पाठ लावून बसायचे, चहा प्यायचे, घरी यायचे. कधी सभा झाल्याचंही कळायचं नाही, थेट ठरावाचं रजिस्टरच घरी यायचं. पंचायतीचा म्हातारा चपराशी सायकल कुंपणाला टेकवून हाक मारायचा.

“बाई, सही.”

“कायची?”

“ठरावाची.”

“काय ठरलं?”

“मले काय मालूम. मले चहा मांडा.”

पानाच्या खाली दोन ओळी असायच्या. ‘सूचक’ म्हणून कोणा माणसाचं नाव, आणि ‘अनुमोदक’ म्हणून माझं. मी सही करायचे. अक्षर माझं चांगलं आहे, गुरुजींनी छड्या मारून वळवलेलं. त्या शब्दात मला मोदक दिसायचा. मला वाटायचं, सूचक म्हणजे ज्यानं सुचवलं तो, आणि अनुमोदक म्हणजे त्याच्या पंगतीला बसून गोड खाणारा. एकदा त्या वेळच्या ग्रामसेवकाला विचारलंही, “साहेब, अनुमोदक म्हणजे काय?”

तो मान वर न करता म्हणाला, “अनुमोदक म्हणजे तुम्ही, ताई.”

मला ते पटलं. कोणी मोठी सून असते, कोणी लहानी, तशी मी अनुमोदक. पाच वर्षं संपली, जागा दुसऱ्याला गेली, मी परत घरची झाले. शब्द मात्र डोक्यात राहिला. दुपारी खाटेवर डोळा लागायच्या वेळी तो यायचा. तलावावर सकाळचं धुकं असतं ना, खालचं पाणी दिसत नाही आणि वर बगळे पाय नसल्यासारखे चालतात, तसा तो चालायचा. त्याला पाय नव्हते माझ्याजवळ.

पाय दिले माझ्या नातीनं. ती शहराला लागून फुलचूरला राहते, कॉलेजात जाते. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात आली होती. मी मोहाची फुलं वाळत घालत होते, ती सावलीत मोबाइल घेऊन पडली होती. मी म्हटलं, “त्यात शब्द निघतात म्हणे. अनुमोदक काढ.”

तिनं काढला. “अनु म्हणजे मागून, आजी. मोद म्हणजे आनंद. एकानं काही म्हटलं, ते ऐकून दुसऱ्याला मागून आनंद होतो. तो त्यानं सांगायचा. ते अनुमोदन.”

“आनंद कोणाले होते?”

“अनुमोदकाला.”

“मले तर एकदाबी झाला नाही.”

“मग पाच वर्षं खोट्या सह्या केल्यास तू.”

ती हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, मग पाठिंबा काय, दुजोरा काय? तिनं सांगितलं की पाठिंबा माणसाला देतात, निवडणुकीत देतात तसा. दुजोरा बातमीला देतात, की हो, हे असंच झालं. मंजुरी वरून येते, साहेबाकडून. अनुमोदन मात्र बरोबरीच्या माणसानं द्यायचं असतं, आणि ठरावालाच द्यायचं. ते मिळालं नाही तर ठराव सभेपुढे येतच नाही. एकट्याचं बोलणं म्हणून हवेत जातं.

“आणि हो ला हो म्हणणं?” मी विचारलं.

“ते अनुमोदन नाही, आजी. ती झोप.”

शहरात राहून पोरगी तोंडाळ झाली आहे. पण खोटं बोलली नाही.

आता तलावाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावचा तलाव माझ्या सासऱ्यांच्या आजा-पणज्यांनी बांधलेला. आमच्या लोकांचं कामच ते, जिथं उतार दिसला तिथं मातीची पार घालायची आणि पाणी अडवायचं. पारीच्या पोटात दगडी तुडूम असतं, म्हणजे पाणी सोडायची जागा. एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येकात लाकडाचा दट्ट्या. वरचा दट्ट्या काढला की वरचं पाणी जातं, मग खालचा, मग त्याच्या खालचा. पाणी पारीखालून निघून धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत, पसरतं. लग्न होऊन सौंदडकडून या गावात आले तेव्हा पहिल्यांदा तुडूम उघडताना पाहिलं. वर तलाव हलतही नव्हता. कमळाची पानं होती तिथंच होती. आणि इकडे खाली पाणी पळत होतं. मला वाटलं, तलाव झोपेत चालतो आहे.

तुडुमाच्या खाली आमच्या चार बांध्या. वाटण्या झाल्यावर वरच्या दोन मला आल्या, शेवटच्या दोन माझ्या धाकट्या जावेला. तिला सगळं घर लहानी म्हणतं, मीही. आम्ही दोघी तरुण असताना एकाच उखळात धान कांडायचो. समोरासमोर उभं राहून दोन मुसळं. एकीचं पडलं की दुसरीचं, पडलं की दुसरीचं. मान वर करायची गरज नसायची. तिचं मुसळ पडल्याचा आवाज झाला की माझा हात आपोआप चालायचा. अर्ध्या झोपेतही चुकायचा नाही. दोन्ही बरोबर पडली तर मुसळं आदळतात, उशीर केला तर धान उखळीबाहेर उडतं. सासू ओट्यावर बसून नुसतं ऐकायची आणि आवाजावरून सांगायची, लहानी आज रागात आहे.

मग आम्ही भांडलो. चिन्नोरवरून. चिन्नोर हा आमचा बारीक वासाचा धान. सासूनं जपलेलं बी माझ्या कोठीत असायचं, आम्ही दोघी त्यातलंच पेरायचो. एका वर्षी माझ्या बिजाईला कीड लागली, म्हणून लहानीकडून तिनं राखलेली थोडी घेतली आणि कोठीत टाकली. पुढच्या वर्षी माझ्या बांधीत चिन्नोरच्या मधेमधे उंच, लाल दाण्याचा जाडा धान उभा राहिला. तलावाच्या घाटावर, दहा बायकांत मी तिला म्हटलं, “तुनं सासूची जात बाटवली.”

ती म्हणाली, “बाई, माझं बी साफ होतं. तुमच्या कोठीच्या तळाशी जुनं जाडं पडलं असंल, ते झाडलं होतं का?”

मी कोठी झाडली नव्हती. पण मी मोठी होते. मी म्हटलं, खोटारडी. तिनं धुणं उचललं आणि गेली. मग अकरा वर्षं अबोला. तिचा नवरा वारला तेव्हा गेले, बसले, बोलले नाही. मी बाजारचं बी पेरायला लागले. मुलानं माझ्या बांध्यांत बोअर मारून दिली, त्यामुळे तुडुमाकडे जायचंही काम उरलं नाही. तिच्या बांधीवरून जाणारी वाट मी सोडून दिली. लहानीनंही बोअर मारून पाहिली, तर खाली खडक लागला. तिच्या दोन बांध्या तुडुमाच्या भरवशावर राहिल्या.

गेल्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत विषय निघाला तलावाच्या सौंदर्यीकरणाचा. पारीवर फरशी, दिव्याचे खांब, बसायला बाकडी. सरपंचानं वाचून दाखवलं. कागदात ‘जुनी गळती बंद करणे’ असं होतं, पण ती गळती म्हणजे आमचं तुडूम, ते सिमेंटनं बुजवायचं, म्हणजे बारा महिने तलाव भरलेला दिसेल आणि बाहेरचे लोक फिरायला येतील. कोणी काही बोललं नाही. खालच्या लोकांनी बोअर मारल्या होत्या, रस्त्याकडच्यांनी प्लॉट पाडले होते. तुडुमाचं पाणी पिणाऱ्या बांध्या उरल्या होत्या दोनच.

मी खांबाला टेकून बसले होते. झेंड्याची जिलेबी खाल्लेली, वर टिनाचं छत, उकाडा. डोळ्यांवर झापड येत होती. आवाज लांबून, पाण्यावरून आल्यासारखे येत होते. त्यात लहानीचा आवाज आला.

“तुडूम बुजवाचं नाही, आहे तसंच ठेवा. माझ्या दोन बांध्या त्याच्यावर आहेत. लोंबी निघताना एक पाणी नाही भेटलं तर सगळं पोचट होते. मी काय फरशी खाऊ?”

लोक हसले. सरपंच आमच्याच गावचा, माणूस वाईट नाही. तो म्हणाला, “ठीक आहे काकू, तुमचा ठराव घेऊ. तुम्ही सूचक. पण अनुमोदक पाहिजे. कोण देते अनुमोदन?”

कोणी बोलेना. मागून एक जाडा आवाज आला, “मोदक असंल तर मी तयार आहो.”

हशा. दुसरा म्हणाला, “जावेले उठवा, जावेले. झोपून राहिली ते.” त्यावर आणखी मोठा हशा, कारण अकरा वर्षं सगळ्या गावाला माहीत होती.

“कोणाले उठवू नका,” लहानी म्हणाली.

सरपंचानं पुन्हा विचारलं, “अनुमोदक आहे का कोणी? नाही तर पुढचा विषय घेऊन राहिलो.”

मी झोपले होते आणि नव्हते. त्या झापडीत मला आमचं जुनं अंगण दिसत होतं. उखळ दिसत होतं. लहानीचं मुसळ पडल्याचा आवाज झाला, धप्प. आणि त्याच्यामागून काहीच झालं नाही. सासू ओट्यावर कान लावून बसलेली. ती थांबून राहिली, मीही थांबून राहिले, आणि ते मागचं पडेना. इतकं वाईट वाटलं, मला आवाजाचंच वाईट वाटलं, लहानीचं नाही. मी हात उचलला.

डोळे उघडले तर सभा माझ्याकडे बघत होती आणि माझा हात खरंच वर होता.

सरपंच म्हणाला, “काकू, पाणी पाहिजे का?”

“हो,” मी म्हटलं. “तिच्या बांधीले.”

हशा झाला नाही या वेळी. सरपंचानं विचारलं, “म्हणजे अनुमोदन?”

“अनुमोदन.”

मी काही मन मोठं करून हात वर केला नाही, हे लिहून ठेवते. आनंदही झाला नाही. जिलेबीमुळे जळजळत होतं. लहानीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. पण एक गंमत झाली. एकटी लहानी उभी होती तोवर तिचं म्हणणं म्हणजे रडगाणं होतं. दोघी झालो तसा तो विषय झाला. सरपंचानं मतं मागितली तर एकेक हात वर गेला. बोअर असलेलेही हात गेले. मोदकवाल्याचाही गेला. ठराव पास.

ग्रामसेवक नवा होता, दूरच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेला, सभ्य मुलगा. त्यानं भराभरा रजिस्टरात लिहिलं आणि पान लहानीपुढे केलं. लहानी शाळेत गेलेली नाही. तिनं शाईत अंगठा बुडवून उमटवला. मग रजिस्टर माझ्याकडे आलं. त्यानं बोट ठेवलं, “इथं सही, आजी.”

ती जागा मला ओळखीची होती. पाच वर्षं मी तिथं डोळे मिटून सही केली होती. पेन हातात घेतलं आणि नातीचं बोलणं आठवलं. मी पेन खाली ठेवलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मला वेळ लागतो. जोडाक्षराशी थांबावं लागतं. लोक उठायला लागले. कोणी म्हणालं, “काकू, परीक्षा आहे का?” मी वाचत राहिले.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘गावचा तलाव आहे तसाच तुडुंब ठेवण्यात यावा.’

मी पुन्हा वाचलं. मग विचारलं, “साहेब, हे काय लिहिलं?”

“त्या म्हणाल्या तेच. तुडुंब ठेवा म्हणाल्या ना? तुडुंब, म्हणजे काठोकाठ भरलेला.”

“तुडुंब नाही, तुडूम.”

“तेच ते, आजी. तुम्ही इकडे तुडूम म्हणता, शुद्ध शब्द तुडुंब आहे.”

त्याला तुडूम माहीतच नव्हतं. त्याच्या गावाकडे नसतं. त्यानं लहानीचा शब्द शुद्ध केला, आणि तिनं मागितलं त्याच्या बरोबर उलटं लिहून ठेवलं. पाणी सोडायची जागा उघडी ठेवा म्हणाली ती, आणि कागदावर पाणी काठोकाठ कोंडा असं झालं. खाली तिचा अंगठा, ओला. त्याखाली माझी सही पडली असती की सिमेंटवाल्याला दोघींचं पत्र मिळालं असतं.

मी लहानीकडे वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले ते हे, “लहाने, यानं लिहिलं तलाव भरून ठेवा. तुडूम उघडं ठेवा असं नाही लिहिलं.”

ती अंगठ्याकडे पाहत राहिली, जसं काही अंगठ्यानंच दगा दिला. मग ग्रामसेवकाला म्हणाली, “बाबू, चाल माझ्यासंगं. तुले तुडूम दाखवतो. त्यात उतर, मंग लिही.”

आता सगळे हसले, तो पोरगाही हसला, लाजला. त्यानं ओळ खोडली, नवीन लिहिली, ‘तलावातून पाणी सोडण्याचे जुने दगडी तुडूम बुजवू नये, दुरुस्त करून चालू ठेवावे.’ खोडल्याजागी स्वतः सही केली. लहानीनं दुसऱ्यांदा अंगठा दिला, पण आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग मी सही केली. सूचक लहानी, अनुमोदक मी. नावं एकाखाली एक, तुडुमाच्या भोकांसारखी. तिथून ती तिच्या घरी गेली, मी माझ्या.

आश्विनात लोंब निघायच्या वेळी पंधरा-वीस दिवस ढग फिरकले नाहीत. एका दुपारी पंचायतीचा माणूस तुडुमाशी उतरला. मी पारीवर जाऊन बसले. का गेले माहीत नाही, पायानं नेलं. ऊन मऊ होतं. तलाव इतका स्तब्ध होता की पलीकडची झाडं खाली डोकं करून झोपल्यासारखी वाटत होती. त्यानं पाण्यात हात घालून दट्ट्या ओढला. वर काही हललं नाही. खाली मात्र पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि माझ्या बांध्यांच्या कडेनं, पाटानं, ते लहानीकडे निघालं.

मी त्याच्याबरोबर नजरेनं गेले. तिच्या बांधीपर्यंत. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती नीट पाहिली. धान एका उंचीचा होता, वरून फळी फिरवल्यासारखा. मधे कुठं उंच काडी नाही, लाल दाणा नाही. वारा तिकडून आला आणि त्यात चिन्नोरचा वास होता, सासूच्या हंडीतून यायचा तोच. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला कळलं नाही.

उघडले तर लहानी येऊन बसली होती, दोन हात अंतरावर. दोघी पाण्याकडे बघत राहिलो.

“त्या दिवशी हात काऊन वर केला?” तिनं विचारलं.

“झोपेत होतो.”

“सहीबी झोपेतच केली का?”

“नाही. सही जागेपणी.”

पाणी तिच्या दुसऱ्या बांधीत शिरलं होतं. आतले बेडूक ओरडायला लागले. वास थांबत नव्हता.

“माझ्याच कोठीत मिसळलं असंल,” मी म्हटलं.

“काय?”

“बी. मी कोठी झाडली नव्हती.”

लहानीनं पाय लांब केले, पदरानं मान पुसली. समोरच्या बांधीकडे बघत, सभेत बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, “याले माझं अनुमोदन आहे.”

आणि मागून हसली.